भाराखाली उघडी पडणारी खोट

रिकामी बैलगाडी सपाट रस्त्याने चाललेली असते तेव्हा तिच्या आसाला गेलेली चीर कोणाच्या ध्यानी येत नाही. चाके फिरतात, बैलांच्या गळ्यातील घुंगरे वाजतात, गाडीवान एखादी डुलकीही काढतो. तीच गाडी पोती भरून घाटाला लागली की कुठल्या तरी वळणावर आस मोडतो, आणि बोल मात्र घाटाला लागतो. वास्तविक आस आधीच चिरलेला होता. घाटाने तेवढे दाखवून दिले. घराघरांत आणि कचेऱ्यांत आज जे संगणक मांडलेले आहेत त्यांच्या एका चिवट दुखण्याची कथा नेमकी अशीच आहे.

हे दुखणे असे. संगणकावर पत्रे लिहावीत, वर्तमानपत्र वाचावे, दुकानाचा जमाखर्च मांडावा. यंत्र दिवसभर शहाण्यासारखे वागते. पण त्याच्याकडून अवजड काम घेऊ लागावे, म्हणजे लग्नाच्या चित्रीकरणाचे तुकडे जुळवून एक सलग चित्रफीत करावी, एखादा मोठा खेळ सुरू करावा, पुलाच्या आराखड्याची आकडेमोड लावावी, की वीस-पंचवीस मिनिटांत पडदा काळा होतो. कधी तो निळा होऊन त्यावर काही दुर्बोध अक्षरे उमटतात, कधी यंत्र आपणहून पुन्हा सुरू होते, तर कधी नुसता तेवढा प्रोग्रॅम गुपचूप मिटतो. पुन्हा चालू करून पाहावे, तर जणू काही घडलेच नाही! मालक प्रोग्रॅमला दोष देतो, प्रोग्रॅमचे कर्ते यंत्राला, आणि यंत्र विकणारा दुकानदार गावच्या विजेला. मग रोगी तपासण्याआधीच औषध सुरू होते. आधी रॅम बदलली जाते, मग पॉवर सप्लाय, मग हजारो रुपयांचे ग्राफिक्स कार्ड. निरोगी भाग अडगळीत जातात, पैसा जातो, आणि मूळ खोट जागच्या जागी राहते.

ही खोट भाराखालीच का उघडी पडते, हे एकदा नीट समजले की तिचा माग काढणे पुष्कळ सोपे होते.

प्रोसेसर म्हणजे अब्जावधी सूक्ष्म विद्युत्-खटक्यांचा समूह. रिकामा बसलेला असताना त्यातील बहुतेक खटके स्वस्थ असतात आणि त्याला थोडीशीच वीज पुरते. सर्व कोअरना एकदम काम लागले की त्याच जातीचा एखादा मोठा प्रोसेसर २०० वॅटच्याही वर जातो. ही वीज त्याला सुमारे एक व्होल्ट इतक्या मंद दाबाने द्यावी लागते. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात, ह्या शाळकरी नियमाने हिशेब केला तर प्रवाह निघतो जवळजवळ २०० अँपिअर! घरातील जाड पिनांच्या मोठ्या प्लगमधून जास्तीत जास्त १५-१६ अँपिअर जातात. त्याच्या बारापट प्रवाह मदरबोर्डवरील काही बोटभर भागांनी तयार करून प्रोसेसरला पुरवायचा असतो, आणि तोही निमिषार्धात चढणारा नि निमिषार्धात उतरणारा. वाड्यातील सगळे नळ एकदम सोडले की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते. त्याचप्रमाणे भार एकाएकी वाढला की प्रोसेसरपाशी पोचणारा विजेचा दाब क्षणभर खचतो.

दाब खचला की खटके मंदावतात. चार गिगाहर्ट्झ वेगाच्या प्रोसेसरमध्ये एका सेकंदात चार अब्ज ठोके पडतात. दोन ठोक्यांमधील अवधी एवढा अल्प की तेवढ्यात प्रकाशसुद्धा साडेसात सेंटिमीटरच जाऊ शकतो. त्या अवधीत खटक्यांच्या लांबलचक साखळीतून उत्तर शेवटच्या टोकाला पोचलेच पाहिजे. ते पोचण्याआधी पुढचा ठोका पडला तर अर्धवट उत्तर पुरे म्हणून उचलले जाते. एकाच्या जागी शून्य बसते. कारखान्यात प्रत्येक भागाला ह्यासाठी थोडी सवलत राखून ठेवलेली असते. भाग जुना झाला, त्याचा एखादा थर जन्मतःच सदोष असला, किंवा मालकाने हौसेने त्याचा वेग वाढविला, की ही सवलत झिजत झिजत नाहीशी होते. हलक्या कामात तिची गरजच पडत नाही, आणि अवजड कामात पहिली गरज पडते ती तिचीच.

दाबाच्या जोडीला उष्णता असते. हीटसिंक आणि पंखा मिळून प्रोसेसरला थंड ठेवतात म्हणजे त्याचे तपमान खोलीच्या तपमानाच्या वर काही ठरावीक अंशांवर रोखून धरतात. खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम राहणारा प्रोसेसर थंडीत २५ अंशांच्या खोलीत ७५ वर असतो. ग्वाल्हेरला मे महिन्यात खोलीत ४४ अंश झाले की तोच ९४ वर जातो, आणि पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. त्यात हीटसिंकच्या पात्यांत वर्षभराची धूळ नमद्यासारखी बसलेली असली म्हणजे बोलायलाच नको. गोव्याच्या पावसाळ्यात भय निराळे: दमट, खारट हवेने जोडांवर गंज चढतो आणि गंजलेला जोड भाराखाली तापतो. मात्र एक भेद येथे ध्यानात घ्यावा. तापलेला प्रोसेसर प्रथम स्वतःचा वेग कमी करतो. काम मंदावणे हा बिघाड नव्हे, ते यंत्राचे स्वसंरक्षण होय. मंदावूनही उष्णता आवरली नाही तरच यंत्र बंद पडते. ह्याउलट पुरेसे थंड असूनही जे यंत्र कोसळते त्याची खोट दुसरीकडे शोधावी लागते.

ह्या खोटीला मुद्दाम डिवचून पाहण्याची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत १९५० च्या सुमारास ‘व्हर्लविंड’ नावाचा संगणक उभा राहिला. त्यात सुमारे पाच हजार निर्वात नळ्या होत्या, आणि नळी म्हटली की ती केव्हा तरी जाणारच. ती ऐन गणितात गेली तर सारे गणित वाया! तेथील जे फॉरेस्टर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी युक्ती काढली ती अशी की, यंत्र मोकळे असताना त्यावर परीक्षेची गणिते लावायची आणि त्याच वेळी विजेचा दाब जाणूनबुजून कमी-अधिक करायचा. सुदृढ नळी हा छळ सोसते; झिजलेली नळी परीक्षेतच चुकते आणि कामाच्या वेळेआधी बदलली जाते. पुढे हीच पद्धत अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी बांधलेल्या ‘सेज’ संगणकांत आली. आज संगणकाची कसोटी घेणारे जे प्रोग्रॅम घरोघरी फुकट मिळतात ते ह्याच युक्तीचे वंशज होत.

परंतु खोट उघडी पाडणे वेगळे आणि ती कोणाची हे ठरवणे वेगळे. अडचण अशी की, जो भाग ओरडतो तो बहुधा निरपराध असतो. ह्याचे अलीकडचे आणि फार बोधप्रद उदाहरण इंटेलच्या प्रोसेसरांचे आहे. २०२२ च्या अखेरीस तेराव्या पिढीचे आणि २०२३ च्या अखेरीस चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर बाजारात आले. काही महिन्यांनी अनेकांचे खेळ सुरू होताहोताच कोसळू लागले, आणि पडद्यावर निरोप येई तो असा की, व्हिडिओ मेमरी संपली! व्हिडिओ मेमरी ही ग्राफिक्स कार्डावर असते. साहजिकच लोकांनी कार्डाची यंत्रप्रणाली उतरवून पुन्हा चढवली, कार्डे बदलली, खेळांच्या कर्त्यांकडे तक्रारी केल्या. मेमरी मात्र मुबलक शिल्लक होती.

घडत होते ते असे. खेळ सुरू होताना दाबून ठेवलेली प्रचंड माहिती उलगडावी लागते. हे काम प्रोसेसरच्या सर्व कोअरना एकदम जुंपते. उलगडणाऱ्या प्रोग्रॅमला, ज्याचे नाव ऊडल, आपली माहिती बरोबर उलगडली की नाही हे तपासण्याची सवय आहे. म्हणून प्रोसेसरची चूक त्याच्या लक्षात आली. पण ती बातमी वरच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचेतो तिचा अर्थ पालटून ‘मेमरी नाही’ असा झाला. कानगोष्टींच्या खेळात शेवटच्या मुलाच्या तोंडून जसे भलतेच वाक्य बाहेर पडते, तसेच हे. ऊडलच्या कर्त्यांनीच पुढे जाहीर केले की खोट प्रोग्रॅमची नसून प्रोसेसरची आहे. त्यांचा पुरावा साधा होता. प्रोसेसरचा वेग थोडा कमी केला की कोसळणे थांबे. ग्राफिक्स कार्डाला हात न लावता, खेळाला हात न लावता, एकच गोष्ट बदलली आणि रोग गेला.

इंटेलने २०२४ च्या एप्रिलमध्ये प्रथम मदरबोर्डांच्या सढळ मांडणीकडे बोट दाखविले. जुलैमध्ये कंपनीने मान्य केले की प्रोसेसरमधील सूक्ष्मसूचनांचा संच, ज्याला मायक्रोकोड म्हणतात, तो चुकीने अधिक व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये सुधारित मायक्रोकोड निघाला, आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षे करण्यात आली. वाढीव व्होल्टेजामुळे कोअरमधील ठोके पुरविणारा एक मंडलभाग अकाली झिजत होता, असे निदान शेवटी बाहेर आले. त्यात एक गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. सप्टेंबरच्या सुधारणेने जे वाढीव व्होल्टेज आवरले ते यंत्र रिकामे किंवा हलक्या कामात असताना मागितले जात होते. म्हणजे इजेचा काही भाग विश्रांतीच्या वेळी होत होता आणि ती दिसत होती मात्र भाराखाली. झालेली झीज कोणत्याही सुधारणेने भरून येणारी नव्हती. तसा प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागला.

आता मालकाने स्वतःच्या यंत्राचा शोध कसा घ्यावा, ते पाहावयाचे. पहिले काम शोधाचे नव्हेच. ज्या यंत्राचा भरवसा उरलेला नाही त्यावरील कागदपत्रे, हिशेब, छायाचित्रे प्रथम दुसरीकडे उतरवून ठेवावीत, आणि आधीची जुनी प्रत असेल तर तिच्यावर ही नवी प्रत चढवू नये. ह्या सूचनेचे कारण पुढे येईल.

दुसरे काम नोंदवही वाचण्याचे. संगणक आपल्या कारभाराची रोजनिशी ठेवतो. विंडोजमध्ये यंत्र एकाएकी बंद पडल्यावर ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद हटकून सापडते, आणि त्यातील ‘पॉवर’ हा शब्द पाहून कित्येक जण तडक पॉवर सप्लाय विकत आणतात. ती नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. का झाले नव्हते ह्याविषयी ती मुकी आहे. त्यापेक्षा ‘व्हीया-लॉगर’ ह्या नावाने झालेल्या नोंदी मोलाच्या. प्रोसेसरने स्वतःच ओळखलेली चूक तेथे नोंदलेली असते, आणि दर वेळी एकाच कोअरचे नाव येत असेल तर संशयाला चांगलीच जागा मिळते.

तिसरे काम सर्व हौसा उतरविण्याचे. प्रोसेसरचा वेग वाढविला असल्यास तो मूळ पदावर आणावा, हे तर उघडच आहे. पण रॅमच्या बाबतीत पुष्कळांची फसगत होते. रॅमच्या खोक्यावर जो वेग मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो पुष्कळदा प्रमाणित वेगापेक्षा अधिक असतो. ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ ह्या नावांची कळ चालू केली की तो लागू होतो. ही हौसच होय, जरी ती विकणाऱ्याने पुरविलेली असली तरी. ही कळ बंद करताच कोसळणे थांबले तर रॅम फेकण्याचे कारण नाही. तो वेग त्या प्रोसेसरला आणि त्या मदरबोर्डला झेपत नाही, इतकेच ठरते. ह्याच वेळी खोके उघडून धूळ काढावी, पंखे फिरतात की नाही पाहावे, मदरबोर्डवर कोठे टोपी फुगलेले कपॅसिटर आहेत काय हे निरखावे. ह्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत सदोष कपॅसिटरांनी अनेक कंपन्यांचे मदरबोर्ड निकामी केले होते. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटर जिवावर बेतेल एवढा भार धरून ठेवतात.

एवढ्याने भागले नाही की कसोट्यांची पाळी येते. येथे सारे कौशल्य भार वेगवेगळा करण्यात आहे. ‘मेमटेस्ट८६+’ हा प्रोग्रॅम विंडोज सुरू होण्याआधीच चालतो आणि रॅमच्या प्रत्येक घरात निरनिराळे नमुने लिहून परत वाचतो. तो रात्रभर चालू द्यावा. त्यात एक चूक निघाली तरी ती एक फार झाली. शंभर कोटींत एक म्हणून सोडून देण्याचा हा व्यवहार नव्हे. पण चूक निघाली नाही तर रॅम निर्दोष सुटली असे मात्र समजू नये, कारण त्या रात्री ग्राफिक्स कार्ड स्वस्थ होते, प्रोसेसर अर्धवट मोकळा होता आणि खोक्यातील हवा थंड होती. रॅम बिघडते तरी किती, असे कोणी विचारील. गूगल कंपनीच्या सर्व्हरांची अडीच वर्षांची माहिती घेऊन २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाकाठी सुमारे एकतृतीयांश यंत्रांत रॅमची निदान एक तरी चूक आढळली होती. ती तेथे सुधारली जाई, कारण सर्व्हरांच्या रॅममध्ये ६४ बिटांमागे ८ बिट केवळ चुका पकडण्यासाठी राखून ठेवलेले असतात. घरगुती यंत्रांत ही सोय सहसा नसते.

प्रोसेसरसाठी ‘प्राइम९५’. हा मूळचा मोठमोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्यांचा प्रोग्रॅम. महिनोन्‌महिने चालणाऱ्या गणितात एक बिट चुकला तरी श्रम फुकट जातात, म्हणून त्याच्या कर्त्याने यंत्र आधी पारखून घेण्याची सोय त्यात केली, आणि आज ती सोयच मूळ उद्देशापेक्षा अधिक वापरली जाते! ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते तो घालतो आणि उत्तर जुळले नाही की तत्काळ तक्रार करतो. लहान आकाराची गणिते प्रोसेसरच्या पोटातच मावतात, म्हणून रॅमवर त्यांचा भार जवळजवळ पडत नाही. मोठ्या आकाराची गणिते रॅमलाही ओढतात. लहान गणिते पार पडली आणि मोठी चुकली तर संशय रॅमकडे किंवा तिला प्रोसेसरशी जोडणाऱ्या भागाकडे वळतो.

त्यानंतर एकट्या ग्राफिक्स कार्डाला राबवावे. आणि शेवटी प्रोसेसर व कार्ड दोघांना एकदम. एकेकटे असताना दोघेही तासन्‌तास टिकतात आणि जोडीने पाच मिनिटांत यंत्र काळेठिक्कर पडते, असे झाले तर पॉवर सप्लायचे नाव यादीत सर्वांत वर घालावे. १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ ह्या मर्यादेत राहिली पाहिजे. येथे वॅटची बेरीज फसवी ठरते. अलीकडची ग्राफिक्स कार्डे क्षणभर त्यांच्या नेहमीच्या भुकेच्या दुप्पट वीज ओढू शकतात. म्हणूनच २०२२ च्या प्रमाणपत्रकात, एटीएक्स ३.० मध्ये, पॉवर सप्लायने स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार शंभर मायक्रोसेकंद सोसला पाहिजे अशी अट आली. कागदोपत्री पुरेसा असलेला जुना सप्लाय ह्या क्षणिक ओढीला घाबरून स्वतःला बंद करून घेतो. अशा वेळी त्याला सदोष म्हणावे की अपुरा, हा वादाचा मुद्दा. बदलावा मात्र लागतो.

संशयित ठरला म्हणजे अदलाबदलीने त्याची खात्री करावयाची. नियम एकच: एका वेळी एकच वस्तू बदलावी. रॅमच्या दोन पट्ट्या आणि दोन खाचा असतील तर चार प्रयोग होतात. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी दोषी. पट्टी कोणतीही असो, चूक त्याच खाचेत राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर. होय, प्रोसेसरसुद्धा, कारण रॅमचा कारभार पाहणारा भाग एएमडीने २००३ पासून आणि इंटेलने २००८ पासून प्रोसेसरच्याच पोटात घातला आहे, आणि हे न जाणल्याने कित्येकांनी चांगल्या पट्ट्या परत केल्या आहेत.

दोषी भाग काढल्यावर यंत्र सुधारले, एवढ्यावर पुष्कळ जण थांबतात. खरा निकाल त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. काढलेला भाग पुन्हा जागेवर बसवावा आणि दुखणे परत येते काय ते पाहावे. काढण्या-घालण्याच्या घर्षणानेच जोडावरचा गंज खरवडला जातो, सैल प्लग घट्ट बसतो, धूळ झडते. रोग त्यानेच गेला असेल तर निरपराध भागाला शिक्षा झाली, आणि तीही मालकाच्या खर्चाने. जुना भाग घातला की कोसळते, नवा घातला की टिकते, हे दोनदा घडले म्हणजे मग संशय नाही.

टिकते म्हणजे किती वेळ? येथे घाई फार नडते. समजा, यंत्र सरासरी तीन तासांतून एकदा कोसळते, पण कधी दहा मिनिटांत तर कधी सहा तासांनी, असा त्याचा काही नेम नाही. रॅम बदलली आणि तासभर काही झाले नाही. मालक हुशारतो. पण न बदलता बसला असता तरी तो तास सुखरूप जाण्याचा संभव शेकडा सत्तरच्या वर होता! संभाव्यतेचे गणित असे सांगते की सरासरी अवधीच्या तिप्पट काळ, म्हणजे ह्या उदाहरणात नऊ तास, यंत्र त्याच भाराखाली न अडखळता चालले तर ते नुसत्या दैवाने घडले असण्याचा संभव शेकडा पाचच उरतो. म्हणून उपचारापूर्वी दोन-चार वेळा यंत्र कोसळू द्यावे आणि प्रत्येक वेळी घड्याळ पाहून ठेवावे. हे कंटाळवाणे काम जो करीत नाही त्याला बरे झाल्याचेही नक्की कळत नाही.

येथवर कोसळणाऱ्या यंत्राचा विचार झाला. पण कोसळणे हा त्यातल्या त्यात दयाळू प्रकार होय. निदान मालकाला कळते तरी. दुसरा प्रकार मुक्याचा. २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी आपल्या एका सर्व्हरची हकीकत प्रसिद्ध केली. माहितीसंग्रहातून काही नोंदी गहाळ होत होत्या. दाबून ठेवलेल्या फायली उलगडताना आधी त्यांचा आकार गणिताने काढला जाई; काही फायलींचा आकार शून्य निघे, आणि शून्य आकाराची फाईल लिहिण्याचे कारणच नसल्याने ती टाकून दिली जाई. यंत्र कोसळले नाही, कोठे तक्रार उमटली नाही. फार खोदल्यावर असे दिसले की एका प्रोसेसरचा ५९ क्रमांकाचा कोअर १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक विचारला असता १५६ ऐवजी शून्य सांगत होता. त्याच कोअरला ५२ वा घात विचारला तर उत्तर बरोबर, १४२! त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनीही लिहिले की काही हजार यंत्रांमागे असे मोजके चंचल कोअर त्यांना आढळतात.

जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवू नये असे वर म्हटले त्याचे कारण हे. जी रॅम किंवा जो प्रोसेसर भाराखाली दर तीन तासांनी कोसळत होता, त्याने मधल्या काळात न कोसळता किती वेळा चुकीचा बिट लिहिला असेल ह्याची नोंद कोठेच नसते. दुरुस्तीनंतर कसोट्या नऊ तास निर्दोष चालल्या की मालक यंत्र परत टेबलाखाली सरकवतो आणि कामाला लागतो. त्याआधी एक संध्याकाळ आणखी द्यावी. दुखण्याच्या काळात जे जे लिहिले, जोडले, उतरवून घेतले त्या फायली उघडून पाहाव्यात. दाबून ठेवलेल्या फायलींना स्वतःची तपासणी करण्याची सोय असते ती वापरावी. छायाचित्रांच्या खालच्या अर्ध्या भागात करडे पट्टे तर आले नाहीत ना, जमाखर्चाच्या बेरजा जुन्या प्रतीशी जुळतात ना, हे ताडून पाहावे. जी फाईल जुळणार नाही ती जुन्या प्रतीतून आणावी, आणि त्यानंतर मगच जुनी प्रत पुसावयास हरकत नाही.